सपाटीवरचा ताप

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंडाळा मागे पडलं की खंबाटकी घाट सुरू होतो. मे महिन्यातल्या किंवा जोडून सुट्ट्या आलेल्या कुठल्याही शनिवारी तिथे रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या दिसतात. बॉनेट वर केलेलं असतं, आतून वाफ येत असते, मुलं कठड्यावर बसून वेफर्स खात असतात आणि वडील हातात पाण्याची बाटली घेऊन 'आता हे नेमकं कुठे ओतायचं' अशा चेहऱ्याने उभे असतात. ST च्या सुरुवातीच्या काळात बेडफर्ड गाड्या याच घाटातून जायच्या तेव्हा ड्रायव्हरकडे पाण्याचा डबा असायचाच. १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती तीस सीटची बेडफर्डच होती. त्या पिढीला घाटात थांबून इंजिनाला पाणी पाजण्यात काही विशेष वाटत नव्हतं. बैलाला पाजतात तसंच ते.

म्हणजे गाडी घाटात तापते हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जीव तोडून ओढत असतं, वेग पंचवीस-तीसचा, समोरून वारा जवळपास नाही, आणि पुढे ट्रक रांगत असतो. उष्णता भरपूर, हवा कमी. रेडिएटरमागचा पंखा हा एकच आधार. पंखा बंद, तर खेळ खलास.

हा लेख याच्या बरोबर उलट्या आजाराबद्दल आहे. गाडी खंबाटकी शांतपणे चढते, साताऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून अर्धा तास उभी राहते, काही होत नाही. आणि सातारा सोडून नागठाणे, अतीतच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, काटा शंभरवर गेला, की तापमानाची सुई चढायला लागते. वारा समोरून ढिगाने येतोय आणि गाडी तापतेय. तासवडे टोलनाक्यावर वेग कमी झाला की सुई आपोआप खाली. मेकॅनिककडे नेली तर तिथे ती शहाण्या मुलासारखी वागते.

आमच्या घरच्या गाडीला हे दुखणं लागलं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यात तिचा दोष नव्हता. गाडी २०१३ची, पेट्रोल, सव्वा लाख किलोमीटर चाललेली. आईवडील पलूस तालुक्यात राहतात, मी पुण्यात कोड लिहितो. आईच्या डोळ्यांच्या उपचारासाठी महिन्यातून एकदा तिला पुण्याला आणायचं असतं, आणि त्या दिवशी गाडी उंब्रजच्या पुढे-मागे बंद पडून चालणार नसतं. शिवाय आताच्या इंजिनांचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. एकदा नीट तापलं की ते वाकतं, गॅस्केट जळतं, आणि मग हेड उतरवून फेसिंग मारण्यापर्यंत काम जातं. तेवढ्या पैशात त्या गाडीची अर्धी किंमत निघाली असती. वडिलांनी तर गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली होती.

त्यामुळे मी कारण शोधायला बसलो, आणि शोधता शोधता सव्वाशे वर्षं मागे गेलो. ती वाट माझ्या अपेक्षेपेक्षा घराच्या जवळून गेली.

आधी साधं गणित. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांशच्या आसपासच चाकं फिरवण्याच्या कामी येते. तेवढीच सायलेन्सरमधून जाते, आणि जवळपास तेवढीच इंजिनाच्या अंगात मुरते. ही तिसरी वाटणी बाहेर काढणं हे पाण्याचं काम. आता वेग वाढला की काय होतं बघा. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते: पन्नासवरून शंभरवर गेलात की आठपट. टायरच्या घर्षणाला लागणारी दुपटीने. दोन्ही मिळून लहान गाडीला शंभरच्या वेगाला पन्नासच्या साधारण चौपट ताकद लागते. म्हणजे इंजिनातून काढायची उष्णताही त्याच मापात वाढली. वाऱ्याची अडचण नाही, साठच्या पुढे पंखा लागतही नाही. तेव्हा या वेगात गाडी तापत असेल तर संशय पंख्यावर घ्यायचाच नाही. संशय पाण्यावर घ्यायचा: ते पुरेसं फिरतंय का?

पाणी फिरवायचं असतं, हे सुरुवातीला कुणाच्या डोक्यातही नव्हतं. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ला ज्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं तिच्यात पाणी नुसतं उकळून उडून जायचं. इंजिनाभोवती पाणी, त्याची वाफ, वाफेबरोबर उष्णता गेली, संपलं. चुलीवरचं पातेलंच ते. ऑगस्ट १८८८मध्ये बेंझची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ही गाडी मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी घेऊन गेली, शंभरेक किलोमीटर. वाटेत एका औषधाच्या दुकानातून इंधन घेतल्याची गोष्ट सगळे सांगतात. पण तिला त्याहून जास्त वेळा थांबावं लागलं ते पाण्यासाठी. म्हणजे मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातच, खंबाटकीत आपण करतो तेच चाललं होतं.

खरा बदल विल्हेल्म मायबाखने केला. १९००च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या, एकूण ८०७०. नळ्यांमधून हवा, नळ्यांच्या बाहेरून पाणी, मागे पंखा. पाणी उडवून टाकायचं नाही, तेच तेच गार करून परत वापरायचं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ती गाडी नीसच्या शर्यतींत धावली आणि बाकीच्या गाड्या एकदम जुन्या दिसायला लागल्या. आपल्या गाडीच्या जाळीमागे जे बसलंय ते याच रेडिएटरचं नातवंड, फरक इतकाच की आता पाणी नळ्यांच्या आत आणि हवा बाहेर.

पण रेडिएटर असला तरी पाण्याला ढकलणार कोण? हेन्री फोर्डचं उत्तर होतं: कुणीच नाही. मॉडेल टीच्या पहिल्या अडीच हजार गाड्यांत पाण्याचा पंप होता. मग त्याने तो काढूनच टाकला. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली येतं, चक्र आपोआप चालतं. याला थर्मोसायफन म्हणतात. एक भाग कमी, एक बिघाड कमी. पासष्ट-सत्तरच्या वर न जाणाऱ्या गाडीला ते पुरलंही. पण वेग वाढला, इंजिनं मोठी झाली, तेव्हा पंप परत आला आणि कायमचा राहिला. मग १९३०च्या दशकात मेणाच्या गोळीवर चालणारा थर्मोस्टॅट आला. इंजिन गार असताना तो पाणी अडवतो, तापलं की मेण फुगून दार उघडतं. पुढे रेडिएटरच्या झाकणालाच स्प्रिंग लावून आत दाब धरायची युक्ती रुळली. प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते कारण पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. इथेही तेच. एक बारचा जास्तीचा दाब धरला की पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही.

इथपर्यंत वाचून होईपर्यंत गाडी तीन ठिकाणी दाखवून झाली होती. एकाने पंखा 'डायरेक्ट' करून दिला, म्हणजे किल्ली फिरवली की पंखा चालू, तापो न तापो. दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून ठेवायला सांगितलं, 'आपल्या हवेत त्याची गरजच नाही' म्हणून. हे दोन्ही उपाय आपल्याकडे इतके सर्रास होतात की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आमच्या धंद्यात याला अलर्ट बंद करून ठेवणं म्हणतात. तिसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "माझ्यासमोर तापत नाही तर मी काय करू?" त्याचं म्हणणं रास्त होतं. जो बग फक्त प्रॉडक्शनवर, फक्त लोड आल्यावर दिसतो, तो टेबलावर कसा सापडणार?

मग मी गाडीच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथचं छोटं यंत्र लावलं आणि मोबाइलवर वेग, इंजिनाचे फेरे आणि कुलंटचं तापमान नोंदवत पुण्याहून घरी गेलो. खंबाटकीत पंखा चालूच होता, त्याने ९८वरून ९२वर आणलं. सातारा ओलांडल्यावर ऐंशीच्या वेगाला ९५. शंभरला १०४, १०६, १०८, आणि चढतच. वेग साठवर आणला की दोन मिनिटांत ९३. आलेख इतका स्वच्छ होता की कुणालाही दाखवावा. पण आलेख 'केव्हा' सांगतो. 'का' सांगत नाही.

आता रस्ता सोडून रेल्वेच्या बाजूला वळू, कारण पुढचं सगळं पुणे-मिरज लाइनीच्या आसपास घडलं.

पेठनाका ते सांगली या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला पंप म्हणजे विहीर. विहीर म्हणजे, शंभर वर्षांपूर्वी, मोट. चामड्याची मोट, जाड नाडा, धावेवरून खाली जाणारे बैल, वर थारोळ्यात ओतलं जाणारं पाणी. हे बदलायला ज्यांनी सुरुवात केली त्यांतले दोन माणसं आपल्या दोन जिल्ह्यांतले.

साताऱ्याचे धनजीशा कूपर यांनी १९२२मध्ये कारखाना काढला. लोखंडी नांगर वगैरे शेतीची अवजारं, आणि पुढे १९३०च्या दशकात डिझेल इंजिनं. देशात डिझेल इंजिन बनवणाऱ्या अगदी पहिल्या कारखान्यांत त्याचं नाव घेतलं जातं. कूपर नुसते कारखानदार नव्हते. १९३७च्या निवडणुकीनंतर काँग्रेसने सुरुवातीला मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला, तेव्हा एप्रिल ते जुलै असे साडेतीन महिने ते मुंबई प्रांताचे प्रधानमंत्री होते. बाळासाहेब खेर त्यांच्या नंतरचे. सातारकरांना सुद्धा हे सांगावं लागतं. पुढे १९४०च्या सुमारास त्यांचा कारखाना वालचंद हिराचंद यांच्याकडे गेला, ज्यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. म्हणजे 'फियाट' म्हणून आपण ज्या प्रीमियर पद्मिनीला ओळखतो, घाटात हमखास तापणाऱ्या त्या गाडीचं आणि साताऱ्याच्या इंजिनांचं घराणं काही काळ एकच होतं. सांगलीला विश्रामबागेत १९४७मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, त्यालाही पुढे वालचंदांचंच नाव मिळालं.

दुसरे लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८६९चा जन्म. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, मग बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात बोलावलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला. १९१०ची गोष्ट. निवडुंग आणि सापांनी भरलेला बत्तीस एकरांचा माळ. तिथे वसाहत झाली, स्टेशनचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं. १९२०मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही कंपनी नोंदवली गेली आणि त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' निघालं, ज्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. आणि १९२६च्या सुमारास या कारखान्याने सेंट्रिफ्युगल पंप बनवला.

या पंपाची रचना समजून घेतली की गाडीतला पंपही समजतो, कारण दोन्ही एकच आहेत. बंद डब्यात एक पात्यांचं चक्र, त्याला इंपेलर म्हणतात. चक्र फिरलं की मधलं पाणी बाहेरच्या कडेला फेकलं जातं आणि दाबाने बाहेर पडतं. मधे पोकळी झाली की मागचं पाणी तिथे येतं. बाहेर फेकायची बाजू ती डिलिव्हरी, आत यायची ती सक्शन. विहिरीवरच्या पाच एचपीच्या पंपात हेच आणि माझ्या गाडीत बेल्टवर फिरणाऱ्या मुठीएवढ्या पंपातही हेच.

आता 'पंप पाणी ओढतो' असं आपण म्हणतो, ते खरं नाही. पंप फक्त पोकळी करतो. पाणी ढकलते ती बाहेरची हवा. सतराव्या शतकात फ्लॉरेन्समधल्या पंप बनवणाऱ्यांची तक्रार होती की सुमारे दहा मीटरच्या वर पाणी काही केल्या चढत नाही. गॅलिलिओपर्यंत तो प्रश्न गेला आणि त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३मध्ये पाऱ्याची नळी उलटी करून उत्तर दिलं: हवेच्या वजनाला तेवढंच पेलतं. समुद्रसपाटीला १०.३ मीटर पाणी, सांगली-साताऱ्याच्या उंचीला थोडं कमी, आणि घर्षण वगैरे धरून प्रत्यक्षात सहा-सात मीटर. त्यामुळे पन्नास-साठ फुटी विहिरीत पंप वर काठावर ठेवून भागत नव्हतं. विहिरीच्या आत, पाण्यापासून वीस फुटांच्या आत, कडेला कट्टा बांधून पंप तिथे बसवायचे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंप खाली, पावसाळ्यात चढलं की दोरखंडाने वर. आमच्या भागातल्या जुन्या विहिरींत ते कट्टे अजून दिसतात.

माझे आजोबा, आबा, हेच करायचे. चाळीस वर्षं पलूस, कुंडल, रामानंदनगर भागात विहिरीवरची इंजिनं आणि पंप दुरुस्त केले. आधी डिझेल इंजिनं, मग साठच्या दशकात कोयनेची वीज आल्यावर हळूहळू मोटारी. त्यांच्या इंजिनांना रेडिएटर नसायचाच. पंपाच्या डिलिव्हरीतून एक बारीक पाइप काढून इंजिनाच्या अंगातून फिरवायचा आणि गरम पाणी पाटात सोडून द्यायचं. विहीर हाच रेडिएटर. थंडीच्या दिवसांत ऊस पाजणारी माणसं त्या पाण्याखाली हात धरून उभी राहायची, असं ते सांगतात.

घरी पोचल्यावर मी त्यांना मोबाइलवरचा आलेख दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बघितला, आणि मग आलेखाबद्दल काहीच न बोलता विचारलं, "रेस केल्यावर खालची नळी बघितलीस का?"

"कुठली, आबा?"

"रेडिएटरच्या बुडातनं पंपाला जाती ती. सक्शन हाय न्हवं ती? फूट व्हॉल्व चोक झाला की काय हुतंय? पंप सावकाश फिरतोय तवर पाणी येतंय. जोरात फिरवला की नळी चपटी. वर समदं बराबर, आणि पाणी न्हाई."

त्यांनी अख्खं निदान तेवढ्यात केलं होतं. मी सांगतो ते त्याचं भाषांतर. रेडिएटर आतून अर्धा बुजला असेल तर तो पंपाच्या सक्शन बाजूला बसलेला अडथळा आहे. इंजिन सावकाश फिरताना पंपाची मागणी कमी, अडथळ्यातूनही भागतं. तीन हजार फेऱ्यांना पंप जितकं पाणी बाहेर फेकतो तितकं रेडिएटरमधून येत नाही, म्हणून मधल्या रबरी नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. नळी मऊ झाली असेल तर बाहेरची हवा ती दाबून टाकते. टॉरिचेलीचा पारा चढवते तीच हवा. नळी चपटी झाली की उरलासुरला प्रवाहही बंद. वेग कमी केला, नळी परत गोल. गॅरेजमध्ये आयडलवर चालणाऱ्या इंजिनात ती नेहमी गोलच दिसणार.

एक खाच मात्र होती आणि मी ती बोलून दाखवली. बंद सिस्टिममध्ये गरम झाल्यावर एक बारचा जास्तीचा दाब असतो. मग सक्शनला दाब हवेच्या खाली जाईल कसा?

आबा म्हणाले, "झाकण दाब धरतंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढलं. (हे वाक्य वाचून सोडू नका. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की दाब सुटतो, १०५-११० अंशांचं पाणी क्षणात वाफ होतं आणि चेहऱ्यावर येतं.) खालचं रबर कडक होऊन चिरलं होतं. ते दाब धरत नव्हतं. झाकण परत लावून इंजिन गरम होऊ दिलं. वडील आत बसले, मी बाजूने टॉर्च धरला. आयडलवर नळी गोल. वडिलांनी तीन हजारांपर्यंत रेस केली आणि खालची नळी माझ्या डोळ्यांसमोर आत गेली, कुणी दोन बोटांत चिमटल्यासारखी. रेस सोडली, फुगली. परत केली, परत चपटी. असल्या नळ्यांना चपटं होऊ नये म्हणून पूर्वी आत तारेची स्प्रिंग असायची, किंवा रबरात जाड विणकाम असतं. ही कधीतरी मधे बदललेली साधी नळी होती.

राहिला रेडिएटर. माझ्याकडे लांबून तापमान मोजायचं इन्फ्रारेड यंत्र होतं, त्याने रेडिएटरचा एकेक भाग मोजला. चांगल्या रेडिएटरमध्ये पाणी शिरतं त्या बाजूपासून बाहेर पडतं त्या बाजूपर्यंत तापमान हळूहळू उतरत जातं. इथे मधे आणि खाली मोठे गार पट्टे होते. तिथून पाणी जातच नव्हतं. आबांनी यंत्राकडे दुर्लक्ष करून इंजिन बंद करायला सांगितलं, थोडं थांबून जाळीवर तळवा फिरवला आणि त्याच जागा दाखवल्या.

याच लक्षणांची आणखीही कारणं असतात, ती तपासून बाजूला ठेवली. थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल तर असंच होतं, पण आमचा तर काढूनच ठेवला होता. (तो नवीन आणून परत बसवला. तो नसला की इंजिन लवकर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं.) इंपेलरची पाती झिजलेली असू शकतात. हेड गॅस्केट फुटून जळका वायू पाण्यात शिरत असेल तर पाण्यात सतत बुडबुडे दिसतात, ते नव्हते. गाडीच्या पोटाखालचं प्लॅस्टिकचं पत्र गावच्या एखाद्या स्पीडब्रेकरवर तुटून पडलं असेल तर समोरची हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी खालून निसटते आणि गाडी फक्त वेगातच तापते. हे फार लोक बघत नाहीत. उसाच्या पट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांच्या जाळीत पाचटाचा चुरा आणि किडे बसतात, तेही काढून बघावेत.

पूर्वी रेडिएटर पितळ-तांब्याचा असायचा. रेडिएटरवाला त्याची टाकी झाळ सोडवून उघडायचा, एकेका नळीतून सळई फिरवायचा आणि परत झाळून द्यायचा. हा एक वेगळा धंदाच होता. आताच्या रेडिएटरच्या नळ्या पातळ अॅल्युमिनियमच्या आणि टाक्या प्लॅस्टिकच्या, कडा मुडपून बसवलेल्या. तो उघडत नाहीत, बदलतात. कराडहून नवीन आणला. झाकण, खालची-वरची नळी, थर्मोस्टॅट, तयार कुलंट. सगळं मिळून साडेनऊ हजारांच्या आत झालं. पंखाही डायरेक्टवरून काढून परत सेन्सरवर घेतला. पुढच्या फेरीत अतीत ते उंब्रज शंभरच्या वेगाला, एसी चालू, आई मागे झोपलेली, तापमान ९१ ते ९३. परतताना खंबाटकीचा बोगदा लागेपर्यंत ९३च्या वर गेलं नाही. वडिलांनी गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितलं.

जुना रेडिएटर मी भंगारात द्यायच्या आधी अंगणात हॅकसॉने आडवा कापला. ३६ नळ्या होत्या. त्यांतल्या १४ पूर्ण बंद, बाकीच्यांच्या आत पांढरट थर. दख्खनच्या काळ्या दगडातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते भांड्याला चिकटतात. गाडीतलं पाणी कमी झालं की वर्षानुवर्षं आमच्याकडे बोअरचंच भरलं जायचं. गावात सगळेच तसं भरतात, घरातलं तेच तर पाणी.

आबांनी कापलेल्या तुकड्यातला थर नखाने खरवडला, बोटांवर चोळला आणि उजेडात धरून बघितला.

"चहाच्या पातेल्याला बसतंय तेच की," ते म्हणाले, आणि अॅल्युमिनियमचा किलोला काय भाव चाललाय ते विचारायला लागले.